शिकारीची रायफल स्वस्त मिळते, म्हणून?

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्ती केली आणि एका माणसाला परवान्यावर बाळगता येणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. ज्यांच्याकडे तिसरे हत्यार होते त्यांनी ते वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे होते. एक पिस्तूल, एक बारा बोअरची दुनळी आणि आजोबांच्या वेळची शिकारीची रायफल अशी तीन हत्यारे ज्या घरात असतील, तिथे काट कोणावर बसणार हे सांगायला ज्योतिषी नको. पिस्तुलाला गिऱ्हाईक आहे, दुनळीची काडतुसे मिळतात. रायफल मात्र वर्षानुवर्षे कपाटाबाहेर आलेली नसते. अशा जुन्या, मोठ्या बोअरच्या रायफली शस्त्रविक्रेत्यांकडे पडून असतात आणि परदेशी लिलावांतल्या किमतींशी ताडून पाहिले तर फारच स्वस्त वाटतात. ठाण्यात, कल्याणला किंवा डोंबिवलीत राहणाऱ्या, शस्त्रपरवाना असलेल्या किंवा मागू पाहणाऱ्या माणसाने त्यातली एखादी घ्यावी का? माझे उत्तर 'नाही' असे आहे आणि त्याला एकच अपवाद मला दिसतो. रायफल उत्तम अवस्थेत असली तरी हे उत्तर बदलत नाही. गिऱ्हाईक नेमके तिथे फसते, कारण त्याचे सगळे लक्ष नळीतल्या गंजाकडे लागलेले असते.

मोठ्या बोअरची रायफल हे काय प्रकरण आहे, ते आधी पाहू. बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, आणि रायफलीच्या बाबतीत तो बहुधा इंचाच्या अंशात सांगतात. ईशापूरच्या सरकारी कारखान्याने बनवलेली .३१५ बोअरची रायफल आपल्याकडे सर्वांत ओळखीची. शिकारीच्या मोठ्या रायफली त्याच्या वरच्या: १९११ सालची .४१६ रिग्बी, १९१२ सालची .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम, जर्मन माउझरची .४२३, आणि दोन नळ्या शेजारी-शेजारी असलेली .४७० नायट्रो एक्सप्रेस. आकडे नुसते वाचून काही कळत नाही, म्हणून तुलना करू. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले त्यात .२२ ची रायफल असते. तिची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. .३७५ ची गोळी १९ ग्रॅमच्या पुढे असते आणि नळीतून बाहेर पडताना तिच्यात त्या .२२ च्या चाळीसेक पट ऊर्जा असते. .४७० ची गोळी तर ३२ ग्रॅमची. एवढे बळ कशासाठी? टनाच्या जवळपास भरणारा गवा किंवा त्याहून कितीतरी मोठा हत्ती समोरून येत असताना त्याच्या कवटीची जाड हाडे भेदून जाण्यासाठी. कोल्हापूर संस्थानाने शिकारीसाठी राखलेले दाजीपूरचे जंगल आज राधानगरी अभयारण्यात आहे. तिथल्या गव्यासारख्या जनावरासाठी ही हत्यारे घडली. हिंदुस्थानची बाजारपेठ विलायती कारागिरांच्या लेखी इतकी मोठी होती की इथल्या कायद्याने तिथली मापे बदलली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० बोअर इथे बंद केले, कारण मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफली बंडखोरांच्या हाती होत्या आणि त्या बोअरचा दारूगोळा त्यांना पोचेल अशी धास्ती होती. लगेच लंडनच्या दुकानांनी .४७०, .५००/४६५ अशी थोडी सरकवलेली मापे बाजारात आणली. आज विक्रीला येणाऱ्या जुन्या दुनळी रायफलींवर हे विचित्र आकडे दिसतात ते त्यामुळे.

त्या काळी या रायफलींना काम होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाच्या हातातले हत्यार काढून घेतले होते, पण संस्थानिक, जहागीरदार, बडे अधिकारी आणि त्यांच्या मर्जीतले लोक यांना ते मिळत राहिले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी आणि पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याच्या घडणीत पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता आणि ते स्वतः शिकारीही होते, ही त्या पिढीची खूण म्हणायची. या कायद्याने शिकार संपवली नाही. तिला परवाना, हंगाम आणि मर्यादा घातल्या. पुढे १९७० मध्ये वाघाची शिकार बंद झाली, १९७२ मध्ये केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि तरीही काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने त्या कायद्यात शिल्लक होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. म्हणजे छंदासाठी, मांसासाठी किंवा मर्दुमकीसाठी जंगली जनावर मारण्याचा कायदेशीर मार्ग या देशात तीस वर्षांहून अधिक काळ बंद आहे. रायफली मात्र उरल्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंदुकांची सर्वसाधारण आयातही थांबली, त्यामुळे आज दुकानात दिसणारी मोठ्या बोअरची बहुतेक प्रत्येक रायफल किमान चाळीस वर्षे जुनी असते. पुष्कळशा शंभरीच्या आसपासच्या असतात.

जुनी रायफल पारखणे ही एक विद्या आहे, आणि ती मनोरंजक असल्यामुळे माणूस तिच्यातच रमतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतला स्फोटक मसाला पोटॅशियम क्लोरेटचा असे. बार उडाला की नळीत मिठासारखा क्षार उरे आणि तो हवेतला ओलावा ओढून घेई. संध्याकाळी तळावर परतल्यावर नळीत उकळते पाणी ओतून ती धुवायची, पुसायची, तेल लावायचे, हा नेम ज्याने पाळला त्याची रायफल टिकली. कोकणपट्टीच्या दमट हवेत दोन पावसाळे आळस केला की नळीला आतून देवीचे व्रण पडलेच. कॉर्डाइट ही दारू फार तापट. तिने काडतूस बसते त्याच्या पुढच्या भागातले आटे झिजतात, म्हणून उजेड धरून पाहताना फक्त तोंडाकडून पाहून भागत नाही. धक्का मोठा असल्याने लाकडी दस्त्याला मनगटापाशी आणि चापाच्या वरच्या भागामागे केसासारखी चीर जाते. पॉलिशखाली ती सहज लपते. दुनळी असेल तर पुढचे लाकूड काढून, नळ्या मिटवून, हलवून पाहायचे असते. सांध्यात ढिलेपणा जाणवला तर ती दुरुस्ती कोपऱ्यावरच्या कारागिराच्या आवाक्यातली नसते. त्यात दुनळीच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक वजनाच्या गोळीसाठी आणि ठरावीक दारूसाठी जुळवलेल्या असतात. काडतूस बदलले की दोन गोळ्या दोन दिशांना जातात. नळीवरचे लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाचे शिक्के वाचता आले पाहिजेत, कारण काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळीत नंतरच्या जोरकस दारूचे काडतूस घातले तर जे फुटेल ते चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असेल. आणि नळी, चाप, पुढचे लाकूड यांवरचे क्रमांक एकमेकांशी व परवान्यावरच्या क्रमांकाशी जुळले नाहीत तर बाकीचे काहीच पाहू नये; तिथूनच परत फिरावे. .३०३ सारखे लष्करी बोअर तर निषिद्ध वर्गातच मोडते, मग ती रायफल शिकारीसाठी कितीही सुरेख बदलून घेतलेली असो.

एवढ्या सगळ्यातून तावून-सुलाखून निघालेली एक रायफल सापडली असे धरू. आता पुढचा प्रश्न: तिला खायला काय घालणार? विलायतेतल्या कायनॉक कंपनीने मोठ्या नायट्रो काडतुसांचे उत्पादन १९७० च्या सुमारास आवरते घेतले. पुढे त्याच नावाने ते तिकडे पुन्हा सुरू झाले, पण इथल्या एका परवानाधारकाने चार डब्या मागवाव्यात इतकी आपली आयात सोपी नाही. पुण्याजवळच्या खडकी कारखान्याची 'केएफ' शिक्क्याची .३१५ ची काडतुसे मिळतात. देशी उत्पादनाचा भर .३१५, .२२ आणि बारा बोअरवर राहिला आहे. कल्याणहून लोकलने जेमतेम पाव तासावर अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, पण .४७० च्या मालकाला त्या शेजाराचा काही उपयोग नाही. उरतात ती कुणाच्या तरी कपाटातली जुनी, आयात काडतुसे. ती उडतील, उडणार नाहीत किंवा चाप ओढल्यावर क्षणभर थांबून उडतील; यातली तिसरी शक्यता सर्वांत वाईट, कारण तोवर माणसाने रायफल खाली घेतलेली असते. घरी काडतूस भरायचे म्हटले तर परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. वर परवान्यावर जेवढ्या काडतुसांचा आकडा लिहिलेला असेल, त्यापलीकडे एकही घेता येत नाही. ज्या हत्याराच्या दहा गोळ्या जमवताना नाकी नऊ येतात, त्याच्यावर हात बसणार कसा? मोठ्या रायफलीचा धक्का .३१५ च्या दुपटीहून अधिक असतो. सराव नसलेला माणूस चाप ओढण्याआधीच अंग चोरतो आणि नेम जातो. शिकारी साहित्याच्या वाचकांना हे नवीन नाही. जिम कॉर्बेटच्या नावाशी जोडलेली प्रसिद्ध रायफल हलकी .२७५ रिग्बी आहे, जड .४५०/४०० त्यांच्याकडे होती, पण हलक्या रायफलीचे महत्त्व त्यांनी चांगले ओळखले होते.

काडतुसे जमली असे समजू. उडवायची कुठे? मुंबई परिसरात नेमबाजीच्या चांगल्या जागा आहेत: वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, पनवेलला सुमा शिरूर यांची अकादमी, थोडे लांब पुण्याला बालेवाडी. पण तिथला खेळ प्रामुख्याने हवेच्या रायफलीचा, पिस्तुलाचा आणि .२२ चा, १०, २५ आणि ५० मीटरांवरचा. नेमबाजीत 'बिग बोअर' नावाचा प्रकार आहे खरा. ३०० मीटरवर खेळतात. मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तिथली रायफल ८ मिलिमीटरपेक्षा मोठी चालत नाही, आणि .३७५ म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. तेव्हा 'मी खेळासाठी घेतो' हे कारण कागदावरसुद्धा उभे राहत नाही. रेंज सोडून इतरत्र बार काढायचा विचार या शहरांत कोणी शहाण्याने करू नये. मोठ्या रायफलीची गोळी वर कोनात गेली तर काही किलोमीटर जाते. येऊरच्या पायथ्याशी सुटलेली गोळी घोडबंदर रोडच्या कुठल्या टॉवरच्या कुठल्या मजल्यावर थांबेल, याचे उत्तर चाप ओढणाऱ्याकडे नसते.

ठाणेकरांच्या बाबतीत याहून वेगळी अशी एक अडचण आहे, आणि ती पुष्कळ परवानाधारकांनाही ठाऊक नसते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने आपले नाव वनखात्याकडे नोंदवायचे असते, आणि या पट्ट्यात शस्त्राचा नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. कलम ३५ ने हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानांनाही लागू केली आहे. आता नकाशा उघडा. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ठाण्याच्या पश्चिमेला भिंतीसारखे उभे आहे. येऊर तर त्याचाच भाग. पाचपाखाडी, नौपाडा, वर्तकनगर, मानपाडा, सगळे दहा किलोमीटरांत येते. दुसऱ्या अंगाला २०१५ मध्ये जाहीर झालेले ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. कल्याण-डोंबिवली या दोन्ही हद्दींपासून दूर सरकते, तरी डोंबिवलीच्या खाडीकडच्या टोकाला राहणाऱ्याने अंतर मोजून घेतलेले बरे. परवाना देणारे पोलीस आयुक्तालय ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर यांना एकच असले तरी ठाण्याच्या अर्जाच्या वाटेवर वनखात्याचे एक दार जास्त आहे. आणि जंगलाला खेटून राहणारा माणूस गवा पाडणारी रायफल मागतो म्हटल्यावर वनाधिकारी काय विचार करील? मी त्या खुर्चीत असतो तर मीही तोच केला असता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या व्यवहारात माणूस रायफलीची किंमत मोजतो, पण तो खर्च करतो परवान्यावरची जागा. जागा दोनच आहेत. शस्त्र मागण्यासाठी काही सबळ कारण असलेल्या माणसाला, मग ते जिवाला असलेला धोका असो, रोकड वाहून नेण्याचा धंदा असो की खेळ, त्या दोन जागा पुरवून वापराव्या लागतात. त्यातली एक, जिची काडतुसे मिळत नाहीत, जी उडवायला जागा नाही आणि जिने करायचे काम गुन्हा ठरले आहे अशा वस्तूला देऊन टाकायची, हा सौदा फुकट मिळाला तरी महाग आहे. बाजाराने हे ओळखले आहे. परदेशी बनावटीचे लहानसे पिस्तूल इथे लाखांच्या भावाने जाते आणि त्याच्या कित्येक पट श्रमाने घडलेली रायफल पडून राहते. कायद्याने त्या वस्तूचा जेवढा उपयोग शिल्लक ठेवला आहे, तेवढाच तिचा भाव. विक्रेता स्वस्त देतो तो उदारपणाने नव्हे. त्यालाही तिची जागा मोकळी करायची असते.

यावर पहिला आक्षेप शेताचा येतो. कल्याण-डोंबिवलीतल्या पुष्कळांची मुरबाड, शहापूर भागात वडिलोपार्जित जमीन किंवा फार्महाऊस असते, आणि तिथे रानडुकरांचा त्रास खरा आहे. पण शस्त्र कायदा याबाबतीत आश्चर्य वाटावे इतका नेमका आहे. पीकरक्षणासाठी परवाना देताना त्याने ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीची बंदूक सांगितली आहे. आटे असलेली मोठी रायफल त्या वाक्यात कुठेच बसत नाही. कारणही उघड आहे: छर्ऱ्यांचा जोर लवकर ओसरतो, रायफलीची गोळी डुकराच्या आरपार जाऊन पुढच्या पाड्यात पोचते. शिवाय पीकरक्षणाचा शस्त्रपरवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. ती वनाधिकाऱ्यांकडून वेगळी घ्यावी लागते. त्यात शहापूरला तानसा अभयारण्य आहे आणि मुरबाडच्या पूर्वेला भीमाशंकर अभयारण्याची हद्द येते, म्हणजे दहा किलोमीटरांचा नियम तिथेही गाठतो.

दुसरा आक्षेप बिबट्याचा. ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये बिबट्या शिरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला एका इमारतीत शिरून त्याने माणसे जखमी केली. अशा वेळी हाताशी रायफल असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दोन्ही वेळा काय झाले ते पाहा: वनखात्याची माणसे आली, भुलीचे इंजेक्शन मारले आणि जनावर उचलून नेले. जिन्यात, बंद दारांच्या आणि बघ्यांच्या गर्दीत कोणी .३७५ चा बार काढला असता तर बिबट्याच्या जोडीला कोण पडले असते? नरभक्षक ठरलेल्या जनावराला मारण्याचा निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकांचा असतो आणि ते काम ते स्वतः नेमलेल्या माणसांना देतात. अशा निवडक, जुन्या अनुभवाच्या माणसांना बोलावूनही केवढे वादळ उठते ते नोव्हेंबर २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात 'अवनी' ऊर्फ टी-१ वाघिणीला गोळी घातल्यानंतर महाराष्ट्राने पाहिले. ती गोळी हैदराबादच्या शिकारी घराण्यातल्या खासगी माणसाने झाडली होती, आणि कारवाई नियमांनुसार झाली का, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. डोंबिवलीच्या नव्या रायफलमालकाला वनखाते कधीतरी बोलावील, ही आशा ठेवण्यात अर्थ नाही.

स्वसंरक्षणाचे कारण एका वाक्यात निकालात निघते: कवटी भेदण्यासाठी बनलेली गोळी फ्लॅटच्या विटेच्या भिंतीपाशी थांबत नाही, आणि मीटरभराहून लांब, चार-पाच किलोची रायफल कपाटातून काढून, वेगळी ठेवलेली काडतुसे भरून होईपर्यंत चोर कोपर स्टेशनला पोचलेला असतो.

गुंतवणुकीचा आक्षेप मात्र अधिक विचार करायला लावणारा आहे. लंडनच्या एखाद्या नामांकित घराण्याची दुनळी रायफल तिकडच्या लिलावात मोठी किंमत आणते, हे खरे. इथे स्वस्त घेऊन तिथे महाग विकता आली तर? पण शस्त्र देशाबाहेर न्यायला शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, आणि वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येण्याची शक्यता असते; त्याखाली खासगी माणसाला निर्यातीची मुभा नाही. म्हणजे जी रायफल जितकी जुनी आणि मौल्यवान, तिची वाट तितकी अरुंद. देशात विकायची तर घेणाऱ्याकडे परवाना हवा, परवान्यावर मोकळी जागा हवी आणि तिच्यावर जीव हवा. या तिन्ही गोष्टी जुळणारी माणसे दरवर्षी कमीच होत जाणार. कारागिरी म्हणून या रायफली अप्रतिम आहेत याबद्दल दुमत नाही. दोन नळ्या हाताने घासून, गोळ्या झाडून, पुन्हा तापवून जुळवणाऱ्या माणसांची कला वाया जाऊ नये असे मलाही वाटते. ती पाहायला कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयासारख्या जागा आहेत. तिथे आर्द्रतेची चिंता दुसऱ्याची असते आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली म्हणून हत्यार खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात जमा करायलाही जावे लागत नाही.

अपवाद वारशाचा. रायफल आधीच घरात असेल, आजोबांकडून वडिलांकडे परवान्यानिशी आलेली असेल, तर हिशेब पालटतो. तिथे पैसे मोजायचे नसतात, हत्याराचा इतिहास ठाऊक असतो, कागद सलग असतात, आणि एकदा हातची गेली की ती रायफल पुन्हा येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनेही वारसाहक्काने येणाऱ्या शस्त्रासाठी परवान्याची वाट ठेवली आहे. अट एवढीच की दोनाची मर्यादा ओलांडता कामा नये. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने ते शस्त्र २५ वर्षे बाळगले की तो हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावाने परवान्याची शिफारस करू शकतो. वारसांत मुलीही येतात. ही सोय फार थोडी घरे वापरतात. बहुधा वडील जातात, रायफल लोखंडी कपाटात तशीच राहते, आणि 'बाबांचे लायसन्स आहे ना' या समजुतीवर वर्षे निघून जातात. ते लायसन्स बाबांचे होते. त्यांच्या मृत्यूनंतर त्या घरात त्या रायफलीचा कायदेशीर धनी कोणी नसतो, आणि कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे घरच्यांचे कर्तव्य असते. विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ नंतर दोन ते पाच वर्षांची आहे, आणि हेतू निर्मळ होता हे सांगत बसण्याची वेळ न आलेली बरी.

तेव्हा वारसाने क्रम असा धरावा. रायफल जमा करून पावती घ्यावी. पावतीवर बनावट, बोअर, प्रत्येक भागावरचा क्रमांक आणि सोबतच्या काडतुसांची संख्या लिहून घ्यावी. मूळ परवान्याला राष्ट्रीय नोंदणीचा युनिक क्रमांक आहे का ते पाहावे. इतर वारसांची लेखी ना-हरकत घ्यावी आणि मग कल्याण-डोंबिवलीत राहत असल्यास ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे, मुरबाड-शहापूरकडे असल्यास जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आपल्या नावाने अर्ज करावा. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, तो आधीच मिळवून ठेवावा. परवाना मिळाला तरी दर पावसाळ्यात तिला तेल कोण लावणार, हे घरात ठरलेले असावे. कोणी नसेल तर विकलेली बरी. खासगी विक्री करायची झाल्यास घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते, म्हणून विक्रेत्यामार्फतचा मार्ग बहुतेकांना सोपा पडतो. जमा केलेले शस्त्र ठरलेल्या मुदतीत कोणी मागितले नाही, तर ते सरकारजमा करण्याचा आदेश निघू शकतो.